डब्यावरची चिठ्ठी

निवृत्त मामलेदार त्र्यंबकराव लेखी नसलेलं काहीच मानत नसत. त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा मुलीने अमिनो ॲसिडच्या पावडरीचा डबा पाठवला. महिन्याभरात पोट वठणीवर आलं.

डॉक्टर घरी आले, तसे त्र्यंबकराव ऐटीत म्हणाले, "सगळी पावडरीची किमया! डब्यावरची एकेक सूचना पाळली मी."

डॉक्टरांनी डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. "घास चावून खावा. रात्री भजी बंद. जेवणानंतर बायकोबरोबर शतपावली." ते हसू लागले. "रावसाहेब, कंपनी असं कधी छापते का?"

चहा पुढे करत यमुनाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं तोंडी सांगत होते, दाद लागली नाही. म्हणून या वेळी लेखी अर्ज दिला."

त्र्यंबकरावांनी चष्मा लावला, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि खाली सही ठोकली, 'मंजूर.'