मागच्या चाकाची ओल

“मग गळतंय कुठनं?” दस्तगीर उस्तादांनी परत विचारलं.

“कॅलिपरमधनं. अजून कुठनं गळणार?” सुमेध म्हणाला.

मिरजेच्या त्या गॅरेजात जुनी मोटार ठोकळ्यांवर उभी होती. मागचं डावं चाक काढलेलं. ब्रेकची तबकडी आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर, दोन्ही ब्रेक ऑइलनं ओलेचिंब. सकाळीच सुमेधनं कॅलिपर उघडून आतलं रबरी सील बदललं होतं. तरी ओल होतीच.

“कॅलिपरच बाद आहे. नवा टाका.”

“बघितलास?”

“त्यात बघायचं काय? ओला तोच आहे.”

गाडीचे मालक शेडबाळे मास्तर खुर्चीत पाय हलवत बसले होते. उद्या गरोदर लेकीला घेऊन त्यांना आंबा घाट उतरायचा होता. “हल्लीच्या पोरांना धीरच नाही,” ते म्हणाले. या वयाच्या माणसांना हे वाक्य बोलायला निमित्तही लागत नाही.

उस्तादांनी चिंधी फेकली. “पूस.”

“पुसून गळती थांबते काय?”

“पूस म्हटलं ना. कोरडं ठणठणीत कर.”

सुमेधनं पुसलं. जिवावर आल्यासारखं पुसलं. पॉलिटेक्निकात सरांनी फळ्यावर चुकीची आकृती काढली होती आणि यानं ती भर वर्गात दाखवली होती. सर म्हणाले, बाहेर हो. तो बाहेर झाला तो कायमचाच. तेव्हापासून म्हाताऱ्यांचा हुकूम ऐकला की त्याचं डोकं फिरायचं. पण ही जागा गेली तर हात धरून शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. तेवढ्यासाठी तो गप्प बसायचा.

उस्ताद गाडीत जाऊन बसले, ब्रेकचं पेडल दाबून धरलं.

“काय दिसतंय?”

“काहीच नाही.”

“ते बघत बस.”

...

सुमेध बघत बसला. मास्तरांनी मोठ्यांदा जांभई दिली.

मग वरच्या बाजूला एक थेंब फुगला. ब्रेकचा पाइप पोकळ बोल्टनं कॅलिपरला जोडलेला असतो, तिथं. बोल्टखालच्या तांब्याच्या चपट्या कडीपाशी, वायसरपाशी. थेंब ओघळला, कॅलिपरवर पसरला. आतल्या सीलचा काही संबंधच नव्हता.

सुमेधची कानशिलं तापली. जुना वायसर स्टोव्हवर लाल करायचा, पाण्यात टाकायचा, मऊ झाला की परत बसवायचा, ही या गॅरेजची रीत. म्हणजे उस्तादांची. हा वायसर तर भाजून भाजून, दाबून दाबून कागद झाला होता.

बोलावं की नको? मास्तर समोर बसलेले...

“उस्ताद, वायसर गळतोय. दिवाळीत या गाडीचा पाइप तुम्हीच बदललात. जुनाच वायसर भाजून तुम्हीच लावलात.”

“ए, कुणाशी बोलतोयस?” मास्तर ताडकन उठले.

“ज्यांनी लावला त्यांच्याशी.”

उस्ताद गाडीतून उतरले. गुडघे धरत खाली बसले. थेंबाला बोट लावलं, बोट बघितलं.

“मास्तर, चूक माझी आहे.”

मास्तर परत खुर्चीत बसले.

उस्ताद सुमेधकडं वळले. “सकाळी कॅलिपर काढताना हा बोल्ट सोडवलास. परत लावताना वायसर कुणी भाजला?”

“मी.”

“झिजलेला दिसला नाही?”

“दिसला की.”

“मग?”

“तुम्ही भाजता... म्हणून भाजला.”

कपाटातनं कोरे वायसर काढून उस्तादांनी सुमेधच्या तळहातावर ठेवले. सुमेधनं ते बसवले, पाइपातली हवा काढली, सगळं पुन्हा पुसलं. पेडल दाबून बराच वेळ वाट बघितली. कोरडं राहिलं.

मास्तर गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी सुमेधकडं असं बघितलं, जणू आता याचं काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुमेधनं पाने पुसून जागेवर लावले. दारापर्यंत गेला, थांबला.

“उस्ताद, उद्या येऊ का नको?”

उस्ताद राखेनं हात चोळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

“का? उद्या मी चुकणार नाही, असं वाटतंय तुला?”