कुंभारणीचं घर

त्या राज्यात पंख सगळ्यांनाच फुटत, पण किंमत होती ती कुंभारीण माशीच्या पंखांना. फुलपाखरांना कुणी विचारत नसे. नुसतं उडायचं, बांधायचं काही नाही, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं जाई. कुंभारीण मात्र मातीचं गोल घर बांधी. त्याला भेग नसे, फट नसे, आणि वारा कितीही सुटला तरी ते जागचं हलत नसे.

आणि कुंभारीण होता येतं, हे तर पोराबाळांनाही ठाऊक होतं. ती झुडपावर येते, चांगलीशी अळी निवडून नेते, मातीच्या घरात ठेवते, वरून तोंड लिंपते आणि बाहेर बसून गुणगुणत राहते. ती गुणगुण ऐकता ऐकता अळीची कुंभारीण होते. याला पुरावा काय कमी होता? आत अळी जाताना सगळ्यांनी पाहिली होती, बाहेर कुंभारीण येताना सगळ्यांनी पाहिली होती. मधलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण मधे तोंड लिंपलेलं असे.

कढीलिंबाच्या झुडपावर चांदवी नावाचं फुलपाखरू राहत असे. तिची लेक केशर अजून अळी होती, पण सगळ्या फांदीवर पुढे. पानं भराभर संपवायची आणि उन्हात हिरवीगार चमकायची. एके दिवशी कुंभारीण आली, तिने केशरला मिशीने मापून पाहिलं आणि मान हलवली. झुडूपभर आनंद झाला. शेजारची तुडतुडी म्हणाली, "नशीब काढलंस गं चांदवे! तुझ्या मागच्या फांदीवरची ती रोडकी, तिच्याकडे बाईंनी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही."

चांदवी हसली. पण ते बोलणं तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. शिकवायचंच आहे, तर रोडकीला शिकवायला काय हरकत? गुबगुबीतच का लागते?

उचलण्याआधी कुंभारणीने केशरच्या मानेत हळूच नांगी टेकवली.

"बाई, हे काय करता?" चांदवीने विचारलं.

"सुरुवातीला फार वळवळतात," कुंभारीण शांतपणे म्हणाली. "एका जागी राहायला शिकली, की पुढचं सोपं जातं."

घर एका कातळाच्या आडोशाला होतं. तिथे अशी कितीतरी घरं होती, सगळी एकसारखी. चांदवी सकाळी उठली की आधी तिथे जाई आणि लेकीच्या भिंतीला चिकटून बसे.

"केशर, जेवलीस का गं?"

"भूक नाही."

"बरं नाही का?"

"तसं नाही गं. इथलं मला काही कळतच नाही. गुणगुण चालू असते, सगळं डोक्यावरून जातं. आपल्या फांदीवर मी पहिली होते ना? इथे सगळ्याच पहिल्या आहेत."

"होईल सवय. एकटी आहेस का?"

"नाही. वर दोऱ्याने एक पांढरं काहीतरी टांगलंय. बाई म्हणाल्या, ही तुझी सोबतीण. झोपलेलीच असते."

"कोणाची कोण? चांगल्या घरची आहे ना?"

"आई, झोपलेली असते म्हटलं ना! झोपलेल्याला काय विचारू?"

पुढे एकदा केशर म्हणाली, "सोबतीण उठली."

"बरं झालं. बोलते का?"

"बोलत नाही. खाते."

"काय खाते?"

मग केशर म्हणाली, "तू सारखी येऊ नकोस गं. बाकीच्यांच्या आया येत नाहीत. शेजारच्या घरांतून मला हसतात सगळ्या."

चांदवीने हे तुडतुडीला सांगितलं. तुडतुडी खो खो हसली. "तुला लेक मोठी झालेली हवी, पण पंखाखालून सुटायला नको! मधेच काढून आणलीस, तर ती ना धड अळी राहील, ना धड माशी. मग बस दोघी पानं मोजत."

तरी चांदवी कुंभारणीकडे गेलीच. "बाई, तोंड एवढंसं उघडा. एकदा बघते आणि जाते."

"कच्चं मडकं उघडलं की तडकतं," कुंभारीण म्हणाली. ती दुसऱ्या घरासाठी माती मळत होती, मान वर न करता मळतच राहिली. "तुम्हाला मुलगी हवी आहे, की कुंभारीण?"

चांदवीला दोन्ही हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सोंडेत दवाचा थेंब भरून नेला. माती कितीही कडक असो, पाण्यापुढे तिचं काही चालत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने सोंड भिंतीला लावली. माती तेवढीच काळी पडली.

"आई, नको." आतला आवाज बारीक झाला होता. "बाईंना कळेल. आणि मला आता काही होत नाही बघ. आधी हलता यायचं नाही, तर रडू यायचं. आता नाही येत. सवय झाली."

हेच तर चांदवी लेकीला म्हणाली होती. होईल सवय. तिने उरलेला थेंब गिळला आणि ती घरी आली.

त्यानंतर काही दिवस आतून ओळखीचं काहीच आलं नाही. मग एका सकाळी भिंतीतून जाड, घोगरी हाक आली, "आई."

"आवाज बसलाय का गं?"

"इथे असंच बोलतात."

चांदवी भिंतीजवळ सरकली. "लहानपणी तू घाबरलीस की तुझं काय व्हायचं, सांग बघू."

"घाबरणं आता होत नाही."

उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते तिने विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं.

शेवटी घराचं तोंड आतून फुटलं. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, ताठ पंखांची कुंभारीण बाहेर आली. झुडपावरून सगळे आले होते. कुणी परागाची चिमूट आणली होती, कुणी मधाचा ठिपका. तुडतुडी ओरडली, "अगंबाई, डोळे अगदी आईचे घेतलेत हो!" नव्या कुंभारणीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मिशीने चांदवीचे पंख कडेपासून कडेपर्यंत मापून पाहिले.

सगळे तिच्याभोवती जमले, तशी चांदवी मागच्या मागे सरकली. घराचं तोंड आता उघडं होतं. तिने आत डोकं घातलं. तळाशी एक हिरवी, वाळलेली, पोकळ कातडी पडली होती. पाय जागच्या जागी होते. अळ्या मोठ्या होताना कात टाकतात, हे तिला ठाऊक होतं. खाल्ल्यावरही एवढंच मागे राहतं, हेही ठाऊक होतं.

बाहेरून हाक आली, "आई, येतेस ना? सगळे थांबलेत."

चांदवीने डोकं बाहेर काढलं नाही. तिने त्या कातडीकडे पाहत आतच ओ दिली.