रद्दीच्या कागदावरची सही

कुपवाडला आवटीशेठचा वाफेच्या टाक्या बनवायचा कारखाना होता. मेकॅनिकलची नवी कोरी पदवी घेऊन सुनयना मगदूम तिथे नोकरी मागायला गेली. शिलाई मशीनवर पाय झिजवून वडिलांनी तिची चार वर्षांची फी भरली होती.

शेठनी प्रमाणपत्र टेबलावर सरकवलं. "या कागदाला रद्दीवालासुद्धा विचारायचा नाही. माझा वेल्डर दहावी नापास, तरी महिना तीस हजार नेतो. तुला बारा देईन."

सुनयनाला लागलं, पण तिने आवाज चढवला नाही. "काम काय असेल?"

"टाक्यांचे नकाशे तपासायचे आणि खाली सही करायची. पदवीधर इंजिनिअरच्या सहीशिवाय गिऱ्हाईक टाकी उचलत नाही."

"मग शेठ, बारा हजारांत मी नकाशे तपासते. सही मात्र या रद्दीच्या जोरावर व्हायची. ती तुम्ही वेल्डरकडूनच घ्या."

शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. आवारात तीन टाक्या सहीवाचून महिनाभर अडकल्या होत्या.

"पस्तीस," ते अखेर म्हणाले. "सोमवारपासून या."

घरी तिने आकडा सांगितला, तेव्हा वडिलांनी मशीन थांबवून तो पुन्हा एकदा विचारला.