इसमांची मोजणी

‘खाडीवार्ता’ हे साप्ताहिक बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी गुरुवार उजाडला की यमुताई खोतांचा हात आपसूक लाल पेनाकडे जायचा. तीस वर्षं त्यांनी त्याची प्रुफं तपासली होती. म्हणून तर डॉ. दिघे गावच्या वाचनालयात वृत्तपत्रांच्या भाषेवर बोलणार म्हटल्यावर त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

दिघेसरांनी शहरातलं एक मोठं दैनिक आणि ‘खाडीवार्ता’ यांचे वर्षभराचे अंक संगणकावर मोजले होते. “दैनिकाचं वाक्य सरासरी नऊ शब्दांचं, तुमच्या साप्ताहिकाचं तेवीस! वाचताना धाप लागते. बंद पडलं यात नवल काय?”

सगळे हसले. यमुताईंना मात्र ते झोंबलं. “सर, तुमच्या यंत्राला एक शब्द मोजायला सांगा. ‘इसम’.”

सरांनी मोजला. दैनिकात चारशे अकरा, ‘खाडीवार्ते’त शून्य.

“बघा, शब्दसंग्रहही तोकडा!”

“तोकडा नाही हो. ‘अनोळखी इसम बुडाला’ असं कोणी लिहून आणलं की आमचे संपादक बातमी परत करायचे. म्हणायचे, जा, आधी नाव विचारून ये. मग तो कुठल्या वाडीतला, कोणाचा कोण, घरी कोण वाट बघतंय, हे सगळं लिहिताना वाक्य लांबायचंच, सर.”

हसू विरलं. सरांनी आकड्यांचा कागद खाली ठेवला. “बाई, आपलं नाव?”

अकरा वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. यमुताईंनी पिशवीतलं लाल पेन काढून सरांपुढे धरलं.

“लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “वाक्य लांबेल.”