मोठ्या मापाचं कवच

तालुक्याच्या एका गावात उल्का नावाची एक गोलकीपर होती. ती हॉकी खेळायची, पण मातीच्या मैदानावर नव्हे. बागेच्या मागे नगरपालिकेचं स्केटिंग रिंक होतं. तिथे मुली चाकांचे बूट घालून हॉकी खेळायच्या. या खेळात चेंडू नसतो, प्लास्टिकची एक कडक चकती असते. स्टिकचा फटका बसला की ती जमिनीवरून सुसाट येते, आणि कधी कधी हवेतूनही येते.

गोलपुढे उल्का उभी असली की समोरचा संघ बिचकायचा. चकती खाली आली तर ती गुडघ्यांवर घसरत जाऊन अडवायची. वर आली तर पंजात, म्हणजे हातातल्या जाड ग्लोव्हमध्ये, झेलायची. तिच्या पुढे बचावाला दीक्षा खेळायची. दोघी लहानपणापासून एकत्र खेळत आल्या होत्या. एकीने मान वळवली की दुसरीला इशारा कळायचा.

एका सामन्यात मात्र घात झाला. संघाकडचा छातीचा गार्ड जुना होता, त्याचे पट्टे सैल पडले होते. उल्का वाकली, गार्ड सरकला आणि त्याच क्षणी आलेली चकती तिच्या मानेखालच्या आडव्या हाडावर बसली. कॉलरबोन मोडलं.

हाड जुळायला वेळ लागला, पण जुळलं. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. उल्का हसत हसत रिंकवर परत आली आणि सगळ्यांना म्हणाली, "मी एकदम ठीक आहे."

तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

त्याच सुमारास संघासाठी नवीन सामान घ्यायचं ठरलं. शहरातल्या दुकानदाराने लहान, मध्यम, मोठी अशी सगळी मापं पसंतीसाठी पाठवली. रिंकच्या कट्ट्यावर खोकी उघडली गेली. मुलींचे प्रशिक्षक इनामदार सर उल्काला म्हणाले, "घालून बघ. बस, ऊठ, हात फिरव. मग ठरव."

उल्का बसली नाही, उठली नाही. तिने सगळ्यांत मोठा छातीचा गार्ड उचलला. पायांचे पॅडही सगळ्यांत उंच घेतले.

"तुला मोठे होतायत, उल्का."

"मोठेच हवेत, सर."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. खेळून बघ. दुकानदार बदलून देईल," एवढंच ते म्हणाले.

घरी गेल्यावर उल्काने पॅडच्या आत स्पंजचे तुकडे कोंबले. हेल्मेटमध्येही कोंबले. सगळे पट्टे करकचून आवळले. आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिला स्वतःचं बोटभरही अंग दिसलं नाही. कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गोल व्हायला लागले.

चकती पायांमधून जायची. कुशीजवळून जायची. उल्का खाली बसायला जायची, पण पॅड पायाला असे घट्ट बांधलेले होते की गुडघा वळायचाच नाही. ती वाकली की गार्ड वर सरकून हनुवटीला टेकायचा आणि खालचं काही दिसायचं नाही. पंजा उचलायला जावं, तर दंडाचा गार्ड छातीच्या गार्डवर अडायचा. तिला लागत काहीच नव्हतं, आणि तिच्याकडून अडतही काहीच नव्हतं.

सराव सामन्यात संघ हरला. मुली खालमानेने बूट काढत होत्या. कुणी काही बोलायच्या आत उल्काच बोलली, "दीक्षा सारखी मध्ये येते. मला चकती दिसतच नाही."

दीक्षाच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली.

पुढच्या सामन्यात उल्का पुन्हा तेच म्हणाली. त्याच्या पुढच्या सामन्यात सरांनी दीक्षाला बाहेर बसवलं.

त्या दिवशी बचावाला दुसरी मुलगी होती. ती उल्काच्या समोर एकदाही आली नाही. आणि तरी गोल झाले. एक तर इतक्या सावकाश आलेल्या चकतीवर झाला की प्रेक्षकांतल्या लहान पोरी हसल्या. दोष द्यायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाकावरून हाक आली, "डावीकडे, उल्का! डावीकडे बघ!"

दीक्षा होती. बाहेर बसवलेली, डोळे लाल झालेली, तरी उभी राहून ओरडत होती.

उल्काला वाटलं, खेळ संपला की मुकाट्याने घरी जावं. उद्या काहीतरी कारण सांगता येईल. गुडघा दुखतो म्हणावं, पाठ धरली म्हणावं. सगळे विश्वास ठेवतील.

सामना संपला. तिने हेल्मेट काढलं आणि सगळ्यांच्या देखत ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, दीक्षाची काहीच चूक नाही. मी खोटं बोलले." "मला भीती वाटते. त्या दिवसापासून वाटते."

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठे वाटते?"

उल्काला प्रश्न कळला नाही. पण तिचा हात आपोआप वर गेला आणि मानेखालच्या त्या हाडावर थांबला.

"मग भीती तिथे आहे," सर म्हणाले. "गुडघ्याला कुणी सांगितलं घाबरायला?"

एक मुलगी फिसकन हसली. मग उल्काही हसली. हसता हसता तिला रडू आलं.

सगळ्या जणी तिथेच कट्ट्यावर बसल्या. खोकी पुन्हा उघडली. सरांनी पॅडमधून स्पंजचे तुकडे ओढून काढले. एकामागून एक निघतच राहिले, तसा हशा वाढत गेला. मग उल्काने तिच्या मापाचा गार्ड अंगात घातला. गोलकीपरचा हात स्वतःच्या पाठीवरच्या पट्ट्यांना पुरत नाही. ते दुसऱ्यानेच लावावे लागतात. दीक्षा उठली आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"श्वास घे," ती म्हणाली. "पूर्ण घे."

उल्काने छाती भरून श्वास घेतला. दीक्षाने पट्टा ओढला.

"हात वर कर. गार्ड गळ्याशी येतोय?"

"थोडा."

दीक्षाने बकल सोडून पुन्हा लावलं. "आता?"

"आता नाही." थोडं थांबून उल्का हळूच म्हणाली, "दीक्षा, मला माफ कर."

"हलू नकोस," दीक्षा म्हणाली. "दुसरा पट्टा राहिलाय."

मानेखालचं हाड पूर्ण झाकेल असा खांद्याचा गार्ड त्यांनी घट्ट बसवला. त्याच्यावर गळ्याचा गार्ड लावला. हेल्मेट असं बसवलं की मान हलवली तरी ते डोक्यावर हलेना. एवढं मात्र सरांनी स्वतः ओढून ओढून तपासलं. पायांचे पॅड तिच्या मापाचे घेतले. गुडघा बरोबर पॅडच्या खोबणीत बसवला. खालचे पट्टे ढिले ठेवले, म्हणजे ती खाली बसली की पॅड पायावर वळेल. रिंकची जमीन पॅडला धरून ठेवायची, म्हणून आतल्या कडेला गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी बसवून घेतली.

शेवटी सरांनी हातात स्टिक घेतली. "त्याच जागी मारतो. चालेल?"

उल्काने मान हलवली. पहिली चकती हळू आली. दुसरी जोरात. तिसरी अशी आली की बघणाऱ्या मुलींनी डोळे मिटले. ठप्प आवाज झाला.

"लागलं?"

"नुसता आवाज आला," उल्का म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "अजून मारा, सर."

त्यानंतर झालेल्या स्पर्धेत हा संघ एकेक सामना जिंकत अंतिम सामन्याला पोहोचला. समोर बंदरावरच्या मोठ्या शहराचा संघ होता, उंच आणि वेगवान मुलींचा. पहिल्या काही मिनिटांतच एक जोरदार चकती उल्काच्या खांद्यावर आदळली. प्रेक्षकांत बसलेली तिची आई उभी राहिली. उल्काने खांदा झटकला आणि पुन्हा स्टिक जमिनीवर टेकवली. उल्काच्या संघाने एक गोल केला आणि ती आघाडी जिवापाड राखली.

अगदी शेवटी दीक्षाचा पाय घसरला आणि ती पडली. शहराच्या संघाची कर्णधार चकती घेऊन एकटीच सुटली. मध्ये कुणीच नव्हतं. समोर फक्त उल्का.

असल्या वेळी घाबरलेला गोलकीपर मागे सरकतो, गोलला चिकटून उभा राहतो. उल्का पुढे गेली. गोल सोडून, सरळ तिच्या अंगावर. कर्णधार गोंधळली आणि तिने खाली फटका मारला. उल्का गुडघ्यांवर पडली, पॅड वळले, ती रिंकवरून घसरत गेली. चकती पॅडवर आदळून उडाली. कर्णधाराने ती हवेतच पुन्हा टोलवली. पडल्या पडल्या उल्काचा हात छातीवरून आडवा फिरला आणि चकती पंजात बसली.

तिने पंजा वर केला. सामना संपल्याची पंचांची शिट्टी वाजली.

सगळं रिंक दणाणून गेलं. दीक्षा सगळ्यांच्या आधी येऊन तिच्यावर कोसळली, मग बाकीच्या. गावाहून आलेल्या माणसांनी आरडाओरडा करून आवाज बसवून घेतले. इनामदार सर बाकावर उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते.

ढिगाऱ्यातून उल्का कशीबशी बाहेर आली, तेव्हा समोर शहराच्या संघाची कर्णधार हात पुढे करून उभी होती.

"तू पुढे येशील असं वाटलंच नव्हतं," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं वाटलं," उल्का म्हणाली आणि तिने तिचा हात घट्ट धरला.

तात्पर्य: भीती नेमकी कुठे आहे हे जो कबूल करतो, त्याला तेवढ्याच जागेचं कवच पुरतं; जो लपवतो, त्याला अंगभर चढवलेलं कवचही कमी पडतं.