चिमाच्या खडकावरून दिलेला शब्द

आमच्या गावाच्या वर, भाताची खाचरं संपून कुरण सुरू होतं तिथे, एक काळा खडक आहे. भोवतीचे सगळे दगड करडे आहेत. हा चिमाचा खडक.

भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून ती भाजतात, त्याला आम्ही राब भाजणं म्हणतो. फार पूर्वी राब कधी पेटवायचा ते धावजी कारभारी ठरवी. एकदा त्याने चारचौघांत दिवस सांगितला. त्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि डोंगर चढू लागला. धावजीची थोरली लेक चिमा, सात महिन्यांची गरोदर, पातेरा, म्हणजे झडलेला वाळका पाला, गोळा करायला वर कुरणात गेली होती.

धाकटी ठकी बापाला म्हणाली, "आबा, वारा वर चाललाय. चिमाताई अजून खाली आली न्हाई."

"काल उपजलेली पोर मला वारा शिकवती," धावजी म्हणाला. माणसं हसली. "हाक मार तिला, येईल. शब्द दिलाय मी."

ठकी हाका मारत वर धावली. खाली राब पेटला. जाळ बांध ओलांडून वाळल्या गवतात शिरला आणि म्हणे माणसाच्या पायापेक्षा वेगाने चढला. ठकीला लोकांनी अर्ध्या वाटेवरून ओढून आणलं. चिमा त्या खडकाला पाठ लावून बसलेली सापडली. दोन्ही हात पोटावर होते.

ठकी वर्षभर बापाशी बोलली नाही, असं सांगतात. पुढच्या साली माणसं निखारे घेऊन जमली, तेव्हा तिने धावजीचा हात धरून त्याला वर नेलं, पायातल्या वहाणा काढायला लावल्या आणि खडकावर उभं केलं.

"आता इथनं सांगा, आबा."

खाली माणसं थांबली होती. धावजीच्या तोंडून शब्द फुटेना. दिवस मावळला. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "लावा."

आजही राब पेटवायला सांगणाऱ्याने आधी तिथे अनवाणी उभं राहायचं. तो कितीही वडीलधारा असो, खालून दिलेला हुकूम गाव मानत नाही. एखाद्या वर्षी म्हातारा दिवसभर गप्प उभा असतो. ऊन चढतं, तळवे भाजतात. त्याला कोणी पाणी नेऊन देत नाही.