विझलेल्या आगटीवरची हलगी

एकदा एका वृद्ध वस्तादांनी विझलेल्या आगटीवर आपली हलगी शेकायला धरली. तीही भर दुपारी, सात गावांच्या हलगीवाल्यांदेखत. म्हाताऱ्याला भ्रम झाला असेच सर्वांना वाटले.

हलगीचे कातडे थंड असले की आवाज बद्द येतो. विस्तवावर शेकले की ते ताणले जाते आणि हलगी खणखणीत बोलू लागते. त्या मुलखातले वादक दरवर्षी सुगी आटोपली की माळावर जमत, मधोमध एकच आगटी पेटवत आणि तिच्याभोवती खांद्याला खांदा लावून हलग्या शेकत. हात गुंतलेले असले की माणसाचे तोंड मोकळे असते. कोणाच्या मुलीचे लग्न जमले, कोणाची आई अंथरुणाला खिळली, सारे तिथे कळे. ज्याला एकाच दिवशी वाजवण्याच्या दोन सुपाऱ्या येत, त्याने एक दुसऱ्याला द्यावी असा रिवाजही त्या आगटीपाशीच पडला होता.

वस्तादांचा शिष्य लिंबाजी हाताचा फार तयार. त्याच्या तोडीचा एकच, पाच कोसांवरच्या गावचा सोपान. तीन वर्षांपूर्वी लिंबाजीने खपून बसवलेला तोडा सोपानने आगटीपाशी ऐकला आणि तिथल्या तिथे अधिक सफाईने वाजवून दाखवला. लोक हसले. सोपानही हसला, पण त्याच्या मनात खोट नव्हती. लिंबाजीच्या मनात मात्र सल राहिला. पुढच्या वर्षी त्याने माळाच्या कडेला वेगळी आगटी पेटवली. आपली विद्या कोणी चोरू नये म्हणून, असे तो सांगे. शहाणपण पसरायला वेळ लागतो, खुळाला लागत नाही. बघता बघता सात गावांच्या सात आगट्या झाल्या आणि मधली विझली.

यंदा लिंबाजीने वर्षभर घोटून नवा तोडा बसवला होता. तो सोपानने ऐकावा आणि त्याला वाजवता येऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. त्याची नजर सारखी सोपानच्या गावच्या आगटीकडे जात होती, पण सोपान दिसेना. जाऊन विचारावे तर मानीपणा आड येई. तेवढ्यात त्याला त्या आगटीकडून परतणारे वस्ताद दिसले. ते मधल्या जुन्या आगटीच्या काळ्या दगडांपाशी बसले आणि गार राखेवर हलगी फिरवू लागले.

लिंबाजी जवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "वस्ताद, हितं इस्तव न्हाई. नुसती राख हाय."

"ठावं हाय मला," वस्ताद म्हणाले. "सोपान हितं बसायचा. सरावणात गेला तो, काविळीनं. चार महिनं अंथरुणावर हुता. तुला कळलं न्हाई, मला बी आज कळलं."

लिंबाजी त्या दगडांपाशी खाली बसला.

"कातडं आपापल्या आगटीवर बी तापतं, लेकरा. पर शेजारच्याच्या घरात काय चाललंय, ते येकट्याच्या आगटीवर कसं कळायचं? तू येगळी पेटवलीस त्याच दिशी मी बोलायला पायजे हुतं. तुझ्या हाताचं कौतुक लई, म्हणून गप ऱ्हायलो. ती चूक माझी." वस्तादांनी राखेवर हलगी पुन्हा फिरवली. "शेवटाला तो विचारत हुता म्हणं, यंदा लिंबाजीनं नवं काय बसवलंय."

लिंबाजी रडला. सात गावे बघत होती, त्याची त्याला शुद्ध नव्हती. मग उठून त्याने आपल्या आगटीतल्या पेटत्या गोवऱ्या घमेल्यात भरून आणल्या आणि त्या दगडांमध्ये ओतल्या. थोड्या वेळाने सोपानच्या गावचे आपला विस्तव घेऊन आले. मागोमाग बाकीचेही आले. कोणी कोणाला बोलावले नव्हते.

सर्वांच्या हलग्या तापल्यावर कोणीतरी लिंबाजीला नवा तोडा वाजवायला सांगितले. त्याने हलगीच्या काड्या उचलल्या आणि तशाच मांडीवर ठेवल्या. उजव्या हाताला दुसऱ्या गावचा एक वादक बसला होता, त्याच्याकडे वळून त्याने विचारले, "पावनं, घरी समदं बरं हाय न्हवं?"

तो माणूस विस्तवाकडे बघत हळूहळू सांगू लागला. लिंबाजीने आपली तापलेली हलगी आगीपासून मागे घेतली आणि त्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत तो ऐकत राहिला.